उपपत्तीवाचून उत्तर

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकाची पाने शब्दकोड्यासारख्या विषयाने अडवावीत, हे आमच्या काही वाचकांस अप्रशस्त वाटण्याचा संभव आहे. कोडे हा फावल्या वेळचा चाळा. तो चहाबरोबर सुरू व्हावा आणि चहाबरोबरच संपावा, असे त्यांचे म्हणणे असते. त्यांची क्षमा मागून आम्ही आज या चाळ्याविषयीच चार शब्द, आणि तेही थोडे कडक, लिहिणार आहो. कारण ज्या खोडीविरुद्ध आम्हांस लिहावयाचे आहे ती कोड्याच्या चौकटीत दिसली, तरी तेथेच राहत नाही. ती खोड म्हणजे उपपत्तीवाचून उत्तर देण्याची, आणि तसे दिलेले उत्तर निमूटपणे घेण्याची.

प्रसंग घरगुती आहे. एका पत्रात गूढ पद्धतीचे मराठी शब्दकोडे छापून आले होते. त्यातील एक शोधसूत्र असे: ‘कलम मोडून फूल’, अक्षरे तीन. छेदणाऱ्या शब्दांवरून पहिली दोन अक्षरे ‘क’ आणि ‘म’ अशी आधीच मिळाली होती. आमच्याकडे आलेल्या एका वयोवृद्ध व बहुश्रुत गृहस्थांनी क्षणार्धात ‘कमळ’ असे लिहिले. आमची अकरा वर्षांची पुतणी मात्र अडून बसली.

“आजोबा, कमळ नाही, कमल असेल.”

“का ग?”

“कलमच मोडायचे आहे ना? त्यात ‘ळ’ कुठे आहे?”

“अग, मराठीत त्या फुलाला कमळच म्हणतात,” असे म्हणून ते हसले. दुसऱ्या दिवशी पत्रात उत्तर आले: ‘कमल’. एवढेच, त्यापुढे एक अक्षर नाही. गृहस्थांनी ते वाचले, ‘संस्कृत रूप घातलेले दिसते’ असा निकाल दिला आणि पान उलटले. मुलीचे म्हणणे खरे होते. परंतु ते का खरे होते हे सांगणारी एक ओळ छापण्याची तसदी त्या पत्राने घेतली नाही. आणि म्हणून तिचा सयुक्तिक तर्क व त्यांचा घाईचा अंदाज ही दोन्ही घरात एकाच मोलाची ठरली. आमचा सारा तंटा या एका न छापलेल्या ओळीविषयी आहे.

गूढ शब्दकोड्याची रचना ज्यांस अपरिचित असेल त्यांच्याकरिता थोडा खुलासा करितो. साध्या कोड्यात शोधसूत्र म्हणजे शब्दाचा अर्थ, इतकाच प्रकार. गूढ कोड्यात बहुधा दोन अंगे असतात. एका अंगात उत्तराचा सरळ अर्थ असतो. दुसऱ्या अंगात उत्तराची अक्षरे कशी मिळवावी याची युक्ती असते. आणि ही दोन्ही अंगे अशी बेमालूम जोडलेली असतात की वाक्य वरवर वाचणारास तिसरेच काही सांगते. ‘नदी उलटताच गरीब’, अक्षरे दोन. वाचणाराच्या डोळ्यांपुढे महापूर उभा राहतो. वास्तविक ‘नदी’ हा शब्द उलट वाचावयाचा आहे, म्हणजे ‘दीन’ मिळते, आणि दीन म्हणजे गरीब. ‘जेवा, नरहरपंत, असे म्हणताना पोटात माकड’, अक्षरे तीन. येथे पंगतीचा काही संबंध नाही. पहिल्या दोन शब्दांच्या पोटात सलग अक्षरांनी ‘वानर’ बसला आहे. ‘सरकार मागते तो हात’, अक्षरे दोन. येथे युक्ती नाही, दोन्ही अंगे अर्थाचीच आहेत. सरकार मागते तो कर, आणि हात म्हणजेही कर.

या रचनेतील मुख्य गुण वाचकांच्या ध्यानात आलाच असेल. अशा शोधसूत्रात उत्तर आणि त्याचा पुरावा ही एकत्रच असतात. मुलांना गणित शिकविताना उत्तराचा ताळा पाहण्यास सांगतात. येथे ताळा शोधसूत्राच्या आतच असतो. दोन्ही अंगांनी शब्द जुळला म्हणजे तो बरोबर आहे हे दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही. मग तो पंडिताने लिहिलेला असो की अकरा वर्षांच्या मुलीने. उलटपक्षी, ज्याने केवळ अर्थावरून शब्द बसविला त्याने कोडे सोडविले असे म्हणणे म्हणजे प्रमेयाच्या शेवटी ‘हेच सिद्ध करावयाचे होते’ एवढे लिहून मधली जागा कोरी सोडणाऱ्या विद्यार्थ्यास पुरे गुण देणे होय.

हा काटेकोरपणा कोड्यास जन्मतः लाभलेला नव्हता. आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ पत्रात पहिले शब्दकोडे छापले ते सरळ अर्थाचे होते. त्यास गूढतेचे वळण लागले ते इंग्लंडात. ‘ऑब्झर्व्हर’ पत्रात १९२६ पासून एडवर्ड पॉविस मॅदर्स हे ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी रचू लागले. नाव स्पेनच्या कुप्रसिद्ध धर्मन्यायाधीशाचे, आणि सोडविणारांचा छळही त्यास साजेसाच. त्यांच्या पश्चात १९३९ मध्ये ती जागा डेरिक मॅकनट यांनी घेतली. ते प्राचीन भाषांचे शिक्षक. त्यांनी दुसऱ्या धर्मन्यायाधीशाचे ‘झिमेनीझ’ हे नाव धारण केले, परंतु छळास कायदा लावून दिला. शोधसूत्रात नेमका अर्थ हवा, प्रामाणिक युक्ती हवी आणि याहून अधिक एकही फुकट शब्द नको, हा त्या कायद्याचा सारांश. १९६६ साली त्यांनी या कलेवर ग्रंथच लिहिला. त्यांचे समकालीन ‘अ‍ॅफ्रिट’ यांनी १९४९ मध्येच या नीतीचे मर्म सांगितले होते. ते असे की, रचणाराने वाचकास खुशाल भलत्या वाटेने न्यावे, पण लिहिलेल्या शब्दांतून खरा अर्थ निघालाच पाहिजे. पुढे १९७२ मध्ये त्याच पत्रात ‘अ‍ॅझेड’ आले, आणि त्यांच्या उत्तरांबरोबर उपपत्तीच्या टिपा छापून येत राहिल्या. अर्थात जेथे हा खेळ वाढला तेथील कसलेल्या सोडविणारांनाही खुलाशाची गरज आहे, हे मान्य झाले होते. मग आमच्याच वाचकांस ती नाही असे कोणत्या आधारावर धरावयाचे?

आणि हा काटेकोरपणा परका आहे असेही कोणी समजू नये. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. पदे एकमेकांस जोडल्यामुळे अर्थ लपतो ती ‘समागता’. आमचा नरहरपंतांच्या पोटातील वानर तिचाच वंशज. रूढार्थाने वाचक फसतो ती ‘वंचिता’. सरकारने मागितलेला हात तिच्या कुळातला. विश्वनाथाने रसास बाधक म्हणून प्रहेलिकेस अलंकारांच्या पंक्तीतून उठविले, हे आम्हांस ठाऊक आहे व मान्यही आहे. कोडे म्हणजे काव्य असा आमचा दावाच नाही. परंतु कूट रचणारास आपल्याकडे जसा मान होता तसाच, किंबहुना अधिक, तो कूट उकलणाऱ्या टीकाकारास होता. व्यासांनी गणपतीची लेखणी थांबावी म्हणून महाभारतात कूटश्लोक घातले अशी आख्यायिका आहे. त्या महाभारतावर सतराव्या शतकात काशीस बसून टीका लिहिणारा नीलकंठ चतुर्धर मूळचा आमच्या कोपरगावचा. ‘अर्थ असा आहे’ एवढे सांगून तो थांबला असता, तर त्याची टीका कोणी जपून ठेवली असती काय? पदच्छेद करावा, अन्वय लावावा, मग अर्थ सांगावा ही आपली जुनी शिस्त. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ती सोडून देण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

उपपत्ती टाकून दिली म्हणजे कोड्याचे काय होते, हे पाहण्यास फार लांब जावे लागत नाही. इनामी शब्दकोड्यांचा सुळसुळाट या देशाने एकेकाळी पुरता अनुभवला आहे. त्यांतील मासला दाखविण्याकरिता एक शोधसूत्र आम्हीच रचतो: ‘सुशिक्षित घरात याची आवड असावी’, आणि चौकटीत ‘वा’ व ‘न’ छापलेले, मधली जागा रिकामी. ‘वाचन’ लिहावे की ‘वादन’? दोन्ही तितकीच योग्य. बरोबर कोणते, तर मोहोरबंद पाकिटात असेल ते! येथे बुद्धीचे काम संपून नशिबाचे सुरू होते. म्हणूनच १९५५ साली अशा स्पर्धांवर नियंत्रण घालणारा कायदा झाला, आणि १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने द्यूतस्वरूपाच्या स्पर्धांस व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, ज्यांत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे त्यांची गोष्ट निराळी, असा निवाडा दिला. कौशल्य आणि द्यूत यांच्यामधील ही रेषा कोड्यापुरती कोठून जाते, असे कोणी विचारील तर आमचे उत्तर एवढेच: उत्तराचे कारण सांगता येते की नाही, तेथून.

आमच्या विरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, विनोद समजावून सांगितला की मरतो, तसेच कोड्याचे. हा आक्षेप ऐकावयास गोड आहे, पण खोटा आहे. इंग्रजीतील एक प्रसिद्ध शोधसूत्र घ्या. त्यात ‘एच’पासून ‘ओ’पर्यंतची रोमन अक्षरे क्रमाने लिहिली आहेत, दुसरे काही नाही, काटेकोर पंथाचे लोक त्यात सरळ अर्थाचे अंग नाही म्हणून नाक मुरडतील, पण ते असो. उत्तर पाच रोमन अक्षरांचे, ‘वॉटर’. एवढे कळल्याने कोणास आनंद झाला? कोणासही नाही. आता खुलासा ऐका. ‘पासून-पर्यंत’ यातील ‘पर्यंत’ला इंग्रजीत ‘टू’ म्हणतात, ‘दोन’लाही ‘टू’ म्हणतात. आणि ‘एच टू ओ’ हे रसायनशास्त्रात पाण्याचे सूत्र. वाचक आता हसला असेल. ज्याने कोडे स्वतः सोडविले त्यास खुलाशाने तोटा नाही. ज्यास सुटले नाही त्याचा आनंद खुलाशापासूनच सुरू होतो.

दुसरा आक्षेप असा की, मराठीत हा खेळ नीट जमतच नाही. काना-मात्रा, जोडाक्षरे आणि विभक्ती आड येतात, मग उपपत्ती कशाची मागता? अडचणी खऱ्या आहेत. ‘मोडक्या कलमाचे फूल’ असे शोधसूत्र कानास अधिक गोड लागले असते. परंतु विभक्ती लागताच ‘कलम’चे ‘कलमा’ होते, त्यातून ‘कमल’ निघत नाही, आणि म्हणून ते अप्रामाणिक ठरते. ‘कलम मोडून फूल’ यात शब्द अभंग राहतो. हा भेद कळला तो कशाने? उपपत्ती मांडून पाहिल्यानेच. मराठीत बंधने अधिक म्हणून खुलाशाची गरज कमी, हे तर्कट आम्हांस कळत नाही. उलट नव्या खेळाचे नियम वाचकांच्या अंगी मुरेपर्यंत तो दुप्पट हवा.

तिसरा आक्षेप जागेचा. मोठ्या कोड्यात शोधसूत्रे तीस-बत्तीस. प्रत्येकास एक ओळ, तीही उत्तरांच्या दिवशी. ज्या पत्रांस बारा राशींचे भविष्य रोज छापण्यास जागा मिळते त्यांनी या बत्तीस ओळींसाठी जागेची तक्रार करू नये. त्या भविष्याची तरी उपपत्ती कोणी मागत नाही!

आज हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक निकडीचा झाला आहे. माहीत असलेली अक्षरे टिपली की जुळणाऱ्या शब्दांची यादी खिशातील यंत्र पुढे टाकते. उत्तरे इतकी स्वस्त कधीच नव्हती. अशा काळात वाढणाऱ्या मुलास ‘बरोबर शब्द कोणता’ एवढेच विचारणारे घर, आणि ‘तो कशावरून’ असेही विचारणारे घर, यांत अंतर पडल्यावाचून राहणार नाही. जो मुलगा कोड्यात ‘कशावरून’ विचारीत नाही तो पुढे बातमीस, व्याख्यानास, पुढाऱ्याच्या आश्वासनास ते विचारील अशी आशा कोणी करावी?

म्हणून आमची मागणी थोडक्यात अशी. गूढ शब्दकोडे छापणाऱ्या प्रत्येक पत्राने उत्तराच्या शेजारी उपपत्तीची एक ओळ छापावी. ज्या शोधसूत्राची उपपत्ती रचणारास एका ओळीत लिहिता येत नसेल, ते संपादकांनी छापखान्यात जाऊच देऊ नये. आणि जेथे पत्रे हे करणार नाहीत तेथे घरातील वडीलधाऱ्यांनी करावे. आम्ही आमच्यापुरता आरंभ केला आहे. त्या गृहस्थांस पत्र लिहून ‘क’, ‘ल’, ‘म’ ही तीन अक्षरे मांडून दाखविली. त्यांचे उलटटपाली उत्तर आले. ते पुतणीच्या नावे होते, आणि त्यात ‘तुझेच बरोबर’ एवढे लिहून न थांबता त्यांनी आपण कोठे चुकलो हेही लिहिले होते.