गोठ्यासकट घर

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदी पात्र सोडून सोलापूर जिल्ह्यातल्या माढा, करमाळा, मोहोळच्या गावांत शिरली, तेव्हा दावणीची जनावरे सोडून बोटीत बसायला कित्येकजण तयार नव्हते. शहरातून पाहणाऱ्यांना तो अडाणी हट्ट वाटला. त्याच जिल्ह्यातल्या माळशिरसमध्ये त्याला कोणी हट्ट म्हणणार नाही. ज्याचा आठवड्याचा बाजार दोन म्हशींच्या दुधावर होतो, त्याचे घर गोठ्यासकट असते.

पुराच्या त्याच दिवसांत, 22 सप्टेंबरला, घटस्थापना होती. नऊ दिवसांचा उपवास धरलेली बाई मदत म्हणून हातात ठेवलेले पुलावाचे पाकीट परत का करते, हे समजायला समाजकार्याची पदवी लागत नाही. भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

न विचारता मदत देणे आजचेच नाही. 1972 च्या दुष्काळात ज्वारीच्या या मुलखाने मिलो नावाचे परदेशी धान्य खाल्ले. त्याने माणसे जगवली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण जुनी माणसे अजून ते नाव तोंड वाकडे करूनच घेतात.

सर्वांत महागडा धडा किल्लारीचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला आणि पुढे 52 गावे नव्या जागी वसवली गेली. घरे किती मोठी, हे जमिनीवरून ठरले: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना 250 चौरस फूट, सातपर्यंतच्यांना 400, त्यापुढे 750. रस्ते सरळ, घरे ओळीत, नकाशा देखणा. कडबा कुठे रचायचा, बैल कुठे बांधायचे, सुनेने आडोशाला कुठे बसायचे, याला त्या नकाशात जागा नव्हती. भावकीचे शेजार विस्कटले. लोकांनी मग पत्रे ठोकून आपापली पडवी काढलीच. घर बांधणाऱ्यांची नियत वाईट नव्हती. राहणाऱ्याला आधी विचारायचे राहून गेले.

विचारले की काय होते, ते माळशिरसच्या शेजारच्या म्हसवडला दिसले. 2012-13 च्या दुष्काळात माणदेशी फाउंडेशनच्या चारा छावणीत माणसे जनावरांसह मुक्कामाला राहिली.

माळशिरस तालुक्याला हे बाहेरून शिकवण्याची गरज नाही. माउलींची पालखी धर्मपुरीतून जिल्ह्यात येते. नातेपुते, माळशिरस, वेळापूरला मुक्काम करते. तुकोबांची अकलूजला असते. कुठल्या दिंडीला भाकरी, कुणाला एकादशीचा फराळ, बायकांच्या अंघोळीचा आडोसा कुठे, हे इथल्या गावांना तोंडपाठ आहे. मग पुराच्या वेळी हे शहाणपण मदतीचा ट्रक भरणाऱ्यांपर्यंत का पोहोचत नाही? कारण ते कुठे लिहिलेलेच नसते.

तहसील कार्यालयाने ते लिहून घ्यावे. नीरा-भीमेकाठच्या प्रत्येक गावात जनावरे किती, मेंढ्यांचे वाडे कुठे बसतात, दावणीसह हलता येईल अशी उंच जागा कोणती, कुठल्या घरात बाळंतीण किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, याची यादी आपत्ती आराखड्याला जोडावी आणि मे महिन्यातच ग्रामसभेत वाचून दाखवावी. संस्थांनी ट्रक भरण्याआधी गावात एक फोन करावा. आणि जुन्या साड्यांची गाठोडी कृपा करून घरीच ठेवावीत.