ताडपत्रीखाली जुनी डॉज सापडली? पॉलिश नंतर, आधी नंबर वाचा

ठाण्यातले वाडे, कल्याण-डोंबिवलीतली गोदामं पुनर्विकासासाठी रिकामी होताना एखाद्या ताडपत्रीखालून आजोबांची डॉज बाहेर येते. एकेकाळची श्रीमंती ऐट! मग फोन जातो भंगारवाल्याला, नाहीतर गॅरेजवाल्याला. दोन्ही घाई महागात पडतात.

गाडी कोणती, हे बोनेटवरच्या नावावरून ठरवू नका. पन्नासच्या दशकात प्रीमियरच्या कुर्ला कारखान्यातून डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅवॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट निघत. गाडी मुळात एकच, बिल्ले तीन. म्हणून चासी आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा.

लगेच सेल्फ मारू नका. बंद इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसतात. जुनं पेट्रोल काढा, स्पार्क प्लग काढून आत थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवसांनी इंजिन हाताने फिरवून पाहा.

खरी मेख नियमात आहे. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडीच ‘व्हिंटेज’. हौसेने डिझेल इंजिन बसवलंत किंवा बॉडी कापलीत, तर दावा संपला. नियम कडक वाटतो, पण रास्त आहे. नाहीतर जुन्या नावाखाली नवीच गाडी फिरेल.

आधी नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. नवी नोंदणी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. पुनर्नोंदणी ५ हजार. रस्त्यावर मुभा फक्त रॅली, प्रदर्शन, संशोधन, इंधन आणि दुरुस्तीसाठी. वरातीला भाड्याने द्यायचा बेत असेल, तर तो आताच सोडा.