बांधणाऱ्यांचं कौतुक पुरे

घरी बांधलेली गाडी चालवणाऱ्या माणसाला आयुष्यभर तीनच प्रश्न विचारले जातात. किती दिवस लागले? खर्च किती आला? आणि पळते किती? वीसेक वर्षं मी याची उत्तरं देतोय, अगदी पेट्रोल पंपावरसुद्धा. "सांभाळता कशी?" हा चौथा प्रश्न मात्र आजवर मोजून चार-पाच जणांनी विचारला असेल, आणि त्यातले दोघे गॅरेजवाले होते.

माझं भांडण त्या तीन प्रश्नांशी नाही, त्यामागच्या समजुतीशी आहे. गाडी उभी राहिली की पराक्रम संपला, पुढचं सगळं किरकोळ, ही ती समजूत. ती नुसती चुकीची नाही, घातक आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडात सुट्या भागांचा संच आणून घरी गाडी जोडायची जुनी परंपरा आहे. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने १९५७ साली 'सेव्हन' नावाची छोटी, उघडी, जेमतेम दोन माणसं मावणारी गाडी काढली. तयार गाडीवर खरेदी कर पडायचा, सुट्या भागांवर नाही, म्हणून लोक संच घेऊन घरी जोडायचे. जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागेल, म्हणून लोटस गाडी 'सुटी करण्याच्या' सूचना द्यायची आणि गिऱ्हाईक त्या उलट्या क्रमाने वाचायचं, अशी गोष्ट सांगतात. १९७३ साली व्हॅट आला आणि ही पळवाट बुजली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. मग १९९६ साली रॉन चॅम्पियन नावाच्या गृहस्थांचं पुस्तक आलं. अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्‌स कार बांधा, अशा अर्थाचं त्याचं नाव. भंगारातली फोर्ड एस्कॉर्ट आणायची, तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल काढायचा, आणि एक इंची चौकोनी नळ्या वेल्ड करून त्यात बसवायचा. माझी गाडी याच कुळातली.

पुस्तक उत्तम आहे. पण ते गाडी रस्त्यावर आली की संपतं. सगळीच पुस्तकं तिथे संपतात, जणू लग्न लागल्यावर पडणारा सिनेमाचा पडदा!

बांधण्याला पाहुणे येतात, फोटो निघतात, शेजारी चहा घेऊन येतो. आणि शेवटी सरकारी परीक्षा असते. १९९८ पासून तिला एसव्हीए म्हणायचे, २००९ पासून आयव्हीए. तपासनीस गाडीची एकेक बाहेर आलेली कड बघतो, ती पुरेशी गोल आहे का ते मोजतो. आता या परीक्षेचं काय होतं ते सांगतो. परीक्षेपुरत्या कडांना रबरी पट्ट्या चिकटवायच्या, बोल्टच्या डोक्यांवर प्लॅस्टिकच्या टोप्या घालायच्या, मऊ गादीचं उसनं स्टिअरिंग बसवायचं, आणि पास झालं की घरी येऊन सगळं काढून टाकायचं! हे चोरून होत नाही, हसत हसत सांगितलं जातं. ज्या माणसाला परीक्षा म्हणजे कायमची अट न वाटता एका दुपारीपुरतं सोंग वाटतं, तो पुढची पंधरा वर्षं ब्रेकच्या नळ्या कशा सांभाळणार?

कारण खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, आणि तिला तपासनीस नसतो. वर्षातून एकदा एमओटी असते, पण ती त्या दिवसापुरती. उरलेले ३६४ दिवस तुम्हीच कंपनी, तुम्हीच सर्व्हिस सेंटर. अमुक भाग सदोष आहे, गाडी परत आणा, असं पत्र तुम्हाला कोणी पाठवणार नाही. ते तुम्हीच तुम्हाला पाठवायचं.

म्हणजे नक्की काय करायचं? पहिल्या पाचशे मैलांत नवीन गाडी स्वतःला हलवून हलवून सैल करते. म्हणून महत्त्वाचा प्रत्येक नट हव्या त्या जोरावर आवळला की त्यावरून पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ मारायची. रेघ तुटली की नट फिरला, खाली वाकून नुसत्या नजरेने कळतं. आत नायलॉनची कडी असलेला नट एकदा काढला की फेकायचा, पुन्हा लावायचा नाही. चाळीस पेन्सांचा मामला असतो, पण तो वाचवणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि तेच लोक शंभर पौंडांची गिअरची मूठ घेतात.

मग पाणी. लोखंडी नळ्यांवर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने ठोकलेला असतो. दोन वेगळे धातू, मध्ये ओल, आणि हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर टाकतात ते मीठ. ही झाली घरगुती बॅटरी! पत्र्याखाली पांढरी भुकटी धरते, रिव्हेट हलायला लागतात. नळ्यांवरचा पावडर कोटिंगचा रंग वरून अखंड, चकचकीत दिसतो, आणि कुठेतरी केसाएवढ्या चिरेतून आत गेलेलं पाणी खालून लोखंड खात असतं. टोकदार स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघितल्याशिवाय ते कळत नाही. प्रदर्शनात जी गाडी सर्वांत चमकते तिच्याकडे मी म्हणूनच संशयाने बघतो.

दिव्यांचं आणि वायरिंगचं दुखणं निघालं तर दहातल्या आठ वेळा अर्थिंग असतं. फायबरच्या मडगार्डला विजेचा करंट वाहून नेता येत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला परतीची वायर वेगळी लागते, आणि तिचं टोक गंजतंच. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं, म्हणून गाडी चालो न चालो, दोन वर्षांनी बदलायचं. आणि सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल ई१० झालं. दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या त्याने तडकतात, कार्ब्युरेटरमधली सीलं खराब होतात. मी सगळ्या नळ्या आर९ दर्जाच्या घातल्या आणि महागडं 'सुपर' भरतो. (२०२५ साली भारतात ई२०वरून आरडाओरडा झाला तेव्हा पुण्याहून जे फोन आले, त्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या नळ्यांबद्दल आस्थेने विचारलं.)

आणि भंगारातल्या त्या एस्कॉर्टचं काय? दुसऱ्या पिढीची एस्कॉर्ट १९८० साली बंद झाली. ज्या गाड्या लोक पूर्वी टाकून देत, त्या आता जपून ठेवण्याच्या वस्तू झाल्या आहेत. अडीचशे पौंडांत गाडी तर सोडाच, धड मागचा अ‍ॅक्सल मिळायची मारामार. म्हणजे पुस्तकातली गाडी आज नवीन बांधणं दुरापास्त, आणि जी बांधून झाली आहे ती टिकवणं हेच काय ते शक्य. तरी कौतुक अजून बांधणाऱ्याचंच!

इथे एक आक्षेप येतो. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका मित्राने तो तोंडावरच घेतला. "अरे, तू इंजिनियर ना? बांधलीस तोवर ठीक होतं, त्यात डोकं होतं. आता हे मेकॅनिकचं काम काय करत बसतोस दर रविवारी?"

हे वाक्य खास आपलं आहे. डोकं वरच्या मजल्यावर, हात खालच्या. पण हिशोब उलटा आहे. बांधताना नकाशा होता, मापं होती, पुस्तक होतं, आणि माझ्याआधी शेकडो लोकांनी तेच केलेलं होतं. अवघड होतं, नाकारत नाही. कित्येकांचे सांगाडे अर्धवट विकले जातात. पण डोकं खरं लागतं ते पुढे, जेव्हा साठच्या वेगाला डावीकडून एक नवा आवाज येतो आणि जगातल्या एकाही पुस्तकात तो नसतो, कारण अशी गाडी जगात एकच आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून बनवलेल्या, किक मारून चालू होणाऱ्या जीपचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. आनंद महिंद्रांनी ती नियमात बसत नाही हे सांगून बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये दिलीही. दोघांचं मन मोठं. पण मला आपल्या टाळ्यांचं वाटतं. ती जीप चालवून चालवून झिजली असती, तिसऱ्या वर्षी तिचा स्टिअरिंगचा सांधा त्याच माणसाने पुन्हा बनवला असता, तर त्याचा व्हिडिओ किती जणांनी पुढे पाठवला असता?

गाड्यांपुरतं असतं तर मी एवढा चिडलो नसतो. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात गेला, दोन एस.टी. गाड्या माणसांसकट गेल्या. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला आणि त्या वेगाचं भरभरून कौतुक झालं. व्हायलाच हवं. पण जुना पूल शेवटचा कोणी, कधी, कसा तपासला होता, त्याने काय लिहून ठेवलं होतं, हे किती जणांना आठवतं? फीत कापायला नवी वस्तूच लागते. दुरुस्तीला फीत नसते.

असो. पुन्हा गाडीकडे.

माझं मागणं अगदी साधं आहे. क्लबांच्या मेळाव्यात 'या वर्षीची सर्वोत्तम नवी बांधणी' असं बक्षीस असतं, ते ठेवा. पण पंधरा वर्षं रस्त्यावर असलेल्या आणि पावसात चालवलेल्या गाडीलाही एक द्या, आणि परीक्षकांना खाली झोपून बघायला लावा. दुसरं, नोंदवही. तारीख, मैल, काय काढलं, काय घातलं, कुठल्या गाडीचा भाग कुठे बसवला. माझ्या पुढच्या चाकांचे सांधे कोर्टिनाचे आहेत हे मला माहीत आहे. मी नसताना ही गाडी ज्याच्या हातात जाईल त्याला कसं कळणार? बांधणारे म्हातारे होत आहेत, काही गेले, आणि त्यांच्या गाड्या वही नसताना विकल्या जात आहेत. विकत घेणारी बहुधा पंचविशीतली मुलं असतात, त्यांना इंजिनाचा आवाज आवडलेला असतो.

तेव्हा घेणाऱ्यांनो, विकणारा बांधणीच्या फोटोंचा जाड अल्बम पुढे करेल, तो बघा, चहा घ्या, आणि मग वही मागा. नसेल तर ब्रेकच्या सगळ्या नळ्या, ब्रेकचं तेल, पेट्रोलच्या नळ्या आणि पुढचे सांधे नव्याने घालावे लागणार असं धरून तेवढी रक्कम किमतीतून कापा, आणि ते होईपर्यंत गाडी चालवत नव्हे, ट्रेलरवर घालून घरी न्या.