वायुरूप, द्रवरूप, घनरूप आणि सॉफ्टवेअर

१९ जुलै २०२४ रोजी, आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजण्याच्या सुमारास, क्राउडस्ट्राइक या अमेरिकन संगणक-सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या यंत्रांवर एक नवी फाइल धाडली. ती ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली खरी, परंतु तेवढ्या अवधीत जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून निपचित पडले, विमाने जागच्या जागी खिळली, आणि आपल्या विमानतळांवर कर्मचाऱ्यांना प्रवाशांचे बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. चौकशीअंती जे निष्पन्न झाले ते वाचून हसावे की रडावे हे कळत नाही: नव्या फाइलीस माहितीचे २१ रकाने अभिप्रेत होते, मूळ प्रोग्राम मात्र वीसच पुरवीत होता, आणि नसलेला एकविसावा रकाना वाचावयास गेलेला संगणक कोसळला. धाडण्यापूर्वी फाइल एका यंत्रावर चालवून पाहिली असती तरी जी चूक उघडकीस आली असती, तिच्यापायी आपले ५० कोटी डॉलरचे नुकसान झाल्याची फिर्याद डेल्टा या विमान कंपनीने मांडली, तेव्हा उत्तर आले ते असे की, करारनाम्यान्वये आमची जबाबदारी एक कोटी डॉलरच्याही आतच संपते.

या उत्तरात नवे असे काहीच नाही. ज्या दीर्घ मजकुराखाली आपण सारे न वाचता ‘मान्य’ म्हणून बोट टेकवितो, त्यात बहुधा हेच लिहिलेले असते की, वस्तू जशी आहे तशी दिली आहे, ती कोणत्याही विशिष्ट कामास उपयोगी पडेलच अशी हमी नाही, आणि नुकसान झालेच तर भरपाई मोजलेल्या किमतीपलीकडे जाणार नाही. प्रेशर कुकर विकणाऱ्याने डब्यावर असा मजकूर छापला, तर ग्राहक आयोग त्यास दारातही उभा करणार नाही.

आपल्या देशात या प्रश्नाला एक विलक्षण पीळ पडला आहे. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि आंध्र प्रदेश सरकार यांच्यातील विक्रीकराच्या मामल्यात, सॉफ्टवेअर ही निव्वळ अमूर्त बौद्धिक संपदा होय हा कंपनीचा युक्तिवाद अमान्य करून, तबकडीवर उतरवून विकले जाणारे तयार सॉफ्टवेअर हा मालच आहे आणि त्यावर कर लागू होतो असा निर्णय दिला. आता २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा उघडावा. सदोष उत्पादनाबद्दल निर्मात्यास जबाबदार धरणारे एक स्वतंत्र प्रकरण त्यात प्रथमच आले, ही स्वागतार्ह गोष्ट. पण उत्पादन म्हणजे काय हे सांगताना ते वायुरूप, द्रवरूप वा घनरूप असू शकते, एवढ्यावरच व्याख्याकार थांबले. या तिन्ही रूपांपैकी सॉफ्टवेअर कोणते, हे पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांस विचारावे लागेल! ‘ही वस्तू नव्हे, सेवा आहे’ असे सांगण्यास निर्मात्याचा वकील मोकळा, आणि नुकसान सोसलेल्या ग्राहकाचा काळ या वादाच्या निवाड्याची वाट पाहण्यातच जावयाचा. वसुलीच्या वेळी जो माल ठरतो, तो दाद मागण्याच्या वेळी माल आहे की नाही याविषयी कायद्याने संदिग्ध राहावे, हे सरकारदरबारी शोभणारे नाही.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, निर्दोष सॉफ्टवेअर ब्रह्मदेवासही लिहिता येणार नाही, आणि असा बोजा लादल्यास हिंजवडीतील चार तरुणांचा नवा उद्योग पहिल्याच दाव्यात बुडेल. आक्षेपाचा पूर्वार्ध आम्हांस मान्य आहे. पण निर्दोष औषधही कोणास करता येत नाही, म्हणून औषध कंपन्यांस कोणी मोकळे सोडलेले नाही. प्रत्येक लहानसहान चुकीचा दंड भरावा असे कोणी म्हणत नाही. ज्या दोषाने माणसास इजा होते किंवा त्याची मालमत्ता नष्ट होते, त्याची भरपाई व्हावी एवढेच मागणे आहे. उत्तरार्धाची चिंता मात्र खरी आहे, आणि तिचा विचार कायदा करतानाच व्हावयास हवा.

तो कसा करावा याचा एक नमुना युरोपीय संघाने समोर ठेवला आहे. सदोष उत्पादनांच्या जबाबदारीविषयीच्या १९८५च्या आपल्या जुन्या निर्देशाच्या जागी त्यांनी २०२४ साली नवा आणला, त्यात सॉफ्टवेअर हे उत्पादनच होय असे निःसंदिग्ध शब्दांत लिहिले, सुरक्षेच्या आवश्यक दुरुस्त्या न पुरविणे हाही दोष ठरू शकतो असे मानले, करारातील कलमाने ही जबाबदारी टाळण्याची वाट बंद केली, आणि व्यापारी हेतूविना मुक्त सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्यांस मात्र वगळले. ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या मालास तो लागू होईल. म्हणजे युरोपला सॉफ्टवेअर विकणाऱ्या आपल्या पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांना तेथील ग्राहकापुढे उत्तरदायी व्हावेच लागणार आहे. तीच दाद नाशिकच्या वा नांदेडच्या ग्राहकास मिळावयाची असेल, तर संसदेने उत्पादनाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरचा स्पष्ट उल्लेख करणारी दुरुस्ती विनाविलंब मांडावी, आणि महाराष्ट्रातील खासदारांनी तिचा आग्रह धरावा.