साडेतीन शहाणे आणि मी

गेल्या आषाढात ताई आठ दिवसांसाठी सांगलीहून आली आणि त्या आठांतले चार दिवस मी संगणकासमोर हात जोडून बसलो. ताईचं वय ८५च्या पुढे. आता ती फारशी कुठं जात नाही. आली ती एका वहीसाठी.

वही आईची. निम्मी हिशेबाची, निम्मी चटण्या-लोणच्यांची. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही फुटलं आणि मुठा गावात शिरली, तेव्हा आम्ही नारायण पेठेत राहत होतो. वही भिजली. आईनं ती उन्हात वाळवली आणि कोऱ्या राहिलेल्या दहा-बारा पानांवर त्या पुराचंच वर्णन लिहून काढलं. नवी वही आणायला तिला कुणी बंदी केली नव्हती. पण पानं फुकट जाता कामा नयेत, मग त्यांच्यावरून नदी का गेलेली असेना! फुगलेल्या कागदावर शाई फुटली, आणि वर्षागणिक ती अक्षरं विरत चालली आहेत. मला त्यातला निम्मा मजकूर लागत नाही. ताईला लागतो, कारण पुराच्या वेळी ती २२ वर्षांची होती. मी १२ वर्षांचा, म्हणजे उपयोगाचं काहीही लक्षात न ठेवण्याच्या वयाचा होतो. बेत असा की ताईनं वाचायचं, मी संगणकावर उतरवायचं आणि तिच्या नातीला अमेरिकेत पाठवायचं. नातीला छापील मराठी वाचता येतं. पणजीच्या अक्षरापुढं मात्र ती हात टेकते.

कचेरीत ३४ वर्षं इंग्रजी पत्रं बडवल्यामुळं माझी बोटं इंग्रजीत वळलेली आहेत. इंग्रजी अक्षरं दाबावीत आणि मराठी उमटावं, असा एक छोटासा प्रोग्रॅम माझ्याकडं होता. जुना संगणक वारला, तेव्हा तोही सती गेला. नव्या संगणकावर तो पुन्हा बसवायला घेतला, तर आत पाऊल टाकण्यापूर्वी त्यानं विचारलं, "डॉट नेट फ्रेमवर्क तीन पॉईंट पाच आहे का?"

ही काय भानगड आहे ते आता मला पाठ झालं आहे, म्हणून सांगतो. आईच्या वहीत निम्म्या चटण्यांपुढं 'पाट्यावर वाटून' असं लिहिलेलं आहे. पाटा कसा घडवावा हे तिनं कुठंही लिहिलेलं नाही. पाटा घरात असणारच, हे गृहीत. फ्रेमवर्क म्हणजे तो पाटा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं दरवेळी नवा पाटा घडवायला नको म्हणून तो संगणकात आधीच ठेवलेला असतो. मग माझ्या घरात तो नव्हता काय? होता! पण चार पॉईंट आठ होता, २०१९ सालचा, चांगला नवा मिक्सरच म्हणा ना. ह्याला मात्र २००७ सालचा साडेतीनच हवा. मिक्सरमध्ये वाटलं तरी चटणी होते, आई फार तर नाक मुरडते. प्रोग्रॅम मुळी जेवायलाच बसत नाही. आणि हा साडेतीनही एकटा येत नाही. दोन आणि तीन यांना पोटात घालून येतो.

साडेतीनचं महत्त्व पुणेकराला कुणी शिकवायला नको. मुहूर्त साडेतीन, देवीची पीठं साडेतीन आणि पेशवाईतले शहाणेही साडेतीनच. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पुरे. नाना फडणीस अर्धे, कारण अक्कल पुष्कळ असली तरी हाती तलवार नव्हती. त्यातले विठ्ठल सुंदर निजामाचे दिवाण आणि देवाजीपंत नागपूरकर भोसल्यांचे, म्हणजे खुद्द पुण्याच्या वाट्याला दीडच शहाणा आला. ही गोष्ट पुण्यात फारशी कुणी बोलून दाखवत नाही.

तर संगणक म्हणाला, 'साडेतीन मी इंटरनेटवरून आणतो.' म्हटलं, आण बाबा. तो गेला, पाच मिनिटं ठिपके फिरवत राहिला आणि हात हलवत परत आला. वर इंग्रजीत पाटी लावली. मराठीत तिचा अर्थ असा : बदल पूर्ण करता आले नाहीत, संगणक बंद करून पुन्हा प्रयत्न करावा, चूक क्रमांक शून्य एक्स आठ शून्य शून्य एफ शून्य आठ एक एफ.

मी तो आकडा मोठ्यानं वाचला. ताई पलंगावरून म्हणाली, "लागली का?"

"काय?"

"लॉटरी."

मी संगणक बंद केला, चालू केला, पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तीच पाटी. त्या दिवशी मी हे अकरा वेळा केलं. बाराव्यांदा ताई म्हणाली, "अरे, एकदा नाही म्हणाला ना तो? मग किती विनवण्या करायच्या माणसानं!" आणि वही उघडून तिची ती वाचत बसली.

दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन केला. तो हिंजवडीला नोकरी करतो, म्हणजे आमच्या घराण्यातला धन्वंतरी. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "मामा, तुम्ही काय दाबलंत?"

माझं भांडण इथून सुरू होतं. नळाला पाणी आलं नाही तर महापालिका विचारत नाही, 'तुम्ही तोटी कशी फिरवलीत?' दूध नासलं तर गवळीसुद्धा आधी गाईला दोष देतो. एकटा संगणकच असा आहे की तो बिघडला की घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडं बोट जातं. आणि ह्या पाट्यांमुळं त्या माणसालाही तेच खरं वाटायला लागतं. रात्री अकरा वाजता मी स्वतःच्या बोटांकडं संशयानं पाहत होतो.

"मामा, ते मेसेज तुमच्यासाठी नसतातच," भाचा समजुतीनं म्हणाला. "ते टेक्निकल माणसांसाठी असतात."

मग टेक्निकल माणसाच्या घरी लाव ना पाटी! माझ्या बैठकीत, माझ्या विजेवर, माझ्या तोंडासमोर का लावतोस? डॉक्टर औषधाची चिठ्ठी औषधवाल्यासाठी लिहितात हे मला माहीत आहे, पण 'जेवणानंतर घ्या' एवढं तरी ते मला तोंडानं सांगतात. आणि टेक्निकल माणसाला तरी ह्या आकड्यानं काय बोध होतो? भाच्याकडूनच कळलं की हा एक आकडा तीन दुखण्यांना मिळून आहे. फायली दाखवलेल्या जागी नाहीत, तरी हाच. फायली आहेत पण मोडक्या किंवा दुसऱ्या आवृत्तीच्या आहेत, तरी हाच. फायली ठीक आहेत पण त्या उघडायची तुम्हांला मुभा नाही, तरी हाच. पोट दुखलं, दात दुखला आणि घराची किल्ली हरवली, ह्या तिन्हींना 'विव्हळणं' असं एकच नाव द्यावं तसा हा प्रकार. आणि उपाय काय, तर घराबाहेर जाऊन पुन्हा आत या!

खरं सांगायचं तर ही भाषा मी ओळखली. कर्ता गायब, क्रिया अपूर्ण, जबाबदारी वाऱ्यावर. 'आपला अर्ज अपूर्ण असल्यानं परत करण्यात येत आहे.' काय अपूर्ण? ते लिहायचं नाही. वर जावक क्रमांक मात्र ठसठशीत. ३४ वर्षांत अशी पत्रं मी किती टंकली असतील! एक म्हातारी बाई पेन्शनच्या अर्जासाठी आमच्या टेबलाशी तीनदा आल्या होत्या. एका दाखल्यावर एक सही कमी होती. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "बाळ, काय चुकलं तेवढं सांग ना." तेव्हा मी सांगितलं. पहिल्या खेपेला का नाही सांगितलं, याचं उत्तर माझ्याकडं तेव्हाही नव्हतं. संगणकापुढं बसल्यावर त्या बाई मला आठवल्या, आणि अकरा वेळा हेलपाटा घालणं हे काही अगदीच अन्यायाचं वाटेना.

पण माझ्या कचेरीला जे जमलं नाही ते ह्या गावाला केव्हाच जमलेलं आहे. जगात चुकीची सूचना कशी लिहावी हे जर कुणाला कळत असेल तर ते सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांना. 'दारासमोर वाहन लावू नये. लावल्यास हवा सोडली जाईल. पंप कोपऱ्यावर आहे, बुधवारी बंद.' बघा, काय करू नये, केल्यास काय होईल, झाल्यावर कुठं जावं आणि कधी जाऊ नये, सगळं आलं! लोक म्हणतात पुणेरी पाटी खवट असते. असेना! ती अर्धवट नसते. याच पुण्यात १९८८ साली सी-डॅक निघालं, १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार झाला, भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम इथं झालं. त्या वेळी पेठेतला एखादा निवृत्त घरमालक चुकांच्या पाट्या लिहायला बसवला असता तर आज जगाचं भलं झालं असतं. त्यानं माझ्या संगणकावर लिहिलं असतं :

'साडेतीनच्या फायली या संगणकात नाहीत. त्या विंडोजच्या मूळ डीव्हीडीवर सोर्सेस या खोलीत, एसएक्सएस या कपाटात आहेत. डीव्हीडी आपल्याच आवृत्तीची आणावी. दुसऱ्याची आणल्यास पुन्हा हेच वाचावे लागेल. बंद-चालू करून उपयोग नाही. वीज वाया जाते.'

यात न कळण्यासारखं काय आहे? मराठीत नको असेल तर इंग्रजीत लिहा, जपानीत लिहा, पण एवढं लिहा. कुणी म्हणेल, साडेतीन फुकट मिळतो, मग तक्रार कसली? पाणपोईचं पाणीही फुकटच असतं, म्हणून माठ रिकामा असताना 'घोट पूर्ण करता आला नाही' असं कुणी लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी भाच्यानं मित्राकडून पेन ड्राइव्हवर त्या फायली आणल्या. काळी खिडकी उघडली, तीत एक लांबलचक ओळ लिहिली. प्रत्येक रिकामी जागा जिथल्या तिथं, सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखी. पट्टी पुढं सरकली, थबकली, आणि आला आपला शून्य एक्स. मित्राची आवृत्ती निराळी निघाली! दुकानदारानं माझ्या संगणकात नेमकी कुठली आवृत्ती घातली होती ते बिलावर नव्हतं. बिलावर फक्त 'माल परत घेतला जाणार नाही' एवढंच होतं. हेही एक वाक्य पूर्ण आहे, हे मान्य करायला हवं. चौथ्या दिवशी योग्य पेन ड्राइव्ह आला, तीच ओळ पुन्हा लिहिली, पट्टी शंभरापर्यंत गेली. साडेतीन बसला. मी देवापुढं साखर ठेवली.

भाचा चहा पिताना म्हणाला, "मामा, एक सांगू? रागावू नका. इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायचा कीबोर्ड २०१९ सालापासून विंडोजमध्येच आहे. सेटिंगमध्ये जाऊन मराठी फोनेटिक निवडायचं. साडेतीन लागतच नाही त्याला."

मी कप खाली ठेवला. चार दिवस जो मनुष्य दारात उभा राहून मला आकडे ऐकवत होता, त्याच्या घरात माझी वस्तू पहिल्यापासून होती, आणि 'तुम्हांला मराठीच लिहायचंय ना, मग हे घ्या' असं एका अक्षरानं त्यानं सांगितलं नव्हतं. भाच्याला विचारलं, "तू तरी पहिल्या दिवशी का नाही बोललास?" तो म्हणाला, "तुम्ही साडेतीनचं विचारलंत. मराठीचं कुठं विचारलंत?" हिंजवडीची हवा लागते, ती अशी.

ताईला सांगायला आत गेलो. ती उशीला टेकून बसली होती, मांडीवर दोन वह्या. एक आईची आणि दुसरी कोपऱ्यावरून आणवलेली शंभर पानी. चार दिवसांत तिनं बॉलपेननं सगळा पूर उतरवून काढला होता. फुटलेले शब्द भरले होते. एका ठिकाणी मात्र टिंबं होती : 'पाणी उतरल्यावर चौकात ....... सापडली. तीत चिखल, आणि एक मासळी जिवंत.' आणि शेजारी समासात : 'हा एक शब्द लागत नाही. अक्षरं दोन-तीनच आहेत. आठवला की फोन करते. तोवर पुढचं लिहायला हरकत नाही.'

मी ती वही कितीतरी वेळ हातात धरून होतो.

चार दिवसांनी ताई गेली. मी टाइप करत राहिलो, बोटं आपली पाठ असलेल्या जुन्या प्रोग्रॅमवरच. एका रात्री साडेनऊला सांगलीहून फोन आला.

"परात," ताई म्हणाली. "शेजारच्या वाड्यातल्यांची. आईनं ती परत दिली नव्हती, म्हणून तो शब्द तिनं मुद्दाम तसा काढलाय. शाई-बिई काही फुटलेली नाही तिथं."

"मग काय लिहू?"

"परात लिही. कुणाची ते नको."