गोळ्यांचे गणित वस्तीला कळलेच पाहिजे

"आता बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला?" टीबीचा पेशंट दोन महिन्यांत उठून कामाला लागला, की हे वाक्य घरात ऐकू येते आणि गोळ्या सुटतात. मग बाहेरचे म्हणतात, वस्तीतली माणसे अडाणी. आम्हाला हे मान्य नाही. गोळ्या घ्या असे सगळे सांगतात, का घ्यायच्या ते समजावून कुणी सांगत नाही. त्यामागे साधा हिशेब आहे.

फुप्फुसाच्या एका जखमेत टीबीचे दहा कोटी जंतू असू शकतात. दर दहा लाखांत साधारण एक जंतू आयसोनियाझिडला मुळातच दाद देत नाही. हे एकटेच औषध दिले तर असे शंभर जंतू उरतील आणि तेच वाढतील. रिफाम्पिसिनला दाद न देणारा साधारण दहा कोटींत एक. दोन्हींना पुरून उरणारा एक जंतू निघायला एकावर 14 शून्ये इतके जंतू लागतील. तेवढे अंगात नसतात. म्हणून अनेक औषधे एकत्र देतात.

मग सहा महिने कशाला? हा जंतू एकाचे दोन व्हायला जवळजवळ एक दिवस घेतो आणि काही जंतू तर निपचित पडून राहतात. वाढणारे जंतू औषधाने लवकर मरतात, निपचित पडलेले फार हळू. सुरुवातीला आकडा झपाट्याने उतरतो, तेव्हाच आपल्याला बरे वाटते. उरलेले महिने त्या लपलेल्यांसाठी असतात.

गरिबाला हे जमत नाही, असेही नाही. मद्रासमध्ये गरीब रुग्णांना घरीच औषधे दिली. ते सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे झाले, हे 1959 मध्ये सिद्ध झाले. पण तिथे औषध नियमित मिळत होते आणि विचारपूसही होत होती.

म्हणून आमचे म्हणणे दोन्हीकडे आहे. सरकारी केंद्रात गोळ्या संपता कामा नयेत आणि निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे 1000 रुपये वेळेवर मिळाले पाहिजेत. ती मेहेरबानी नाही, हक्क आहे. आणि आपण, उलटी होऊ लागली किंवा डोळे पिवळे दिसले तर गुपचूप गोळ्या सोडून घरी बसायचे नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे.

ऐकीव म्हणून मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. येत्या रविवारी वंदनेनंतर हा हिशेब विहारातल्या फळ्यावर मांडा. पटला, की गोळी कुणी चुकवणार नाही.

जयभीम!