गरिबांशी नाते कशाला म्हणावे?

मध्य अमेरिकेतील ख्रिस्ती मिशनऱ्यांचा विषय निघाला की आपल्या वर्तुळात दोन तयार उत्तरे ऐकू येतात. मिशनरी हा साम्राज्यशाहीचा अग्रदूत, त्याच्या बायबलामागून युनायटेड फ्रूट कंपनीचे जहाज येणारच, असे पहिले उत्तर सांगते. दुसरे उत्तर त्याला त्यागमूर्ती ठरवून हात जोडते आणि मोकळे होते. दोन्हींत थोडे तथ्य आहे. परंतु दोन्ही उत्तरे विचार करण्याचे कष्ट वाचवतात. बाहेरून आलेला सुशिक्षित मनुष्य गरीब वस्तीत राहू लागतो, तेव्हा तेथील माणसांशी त्याचे कोणत्या जातीचे नाते जडते आणि त्या नात्यातून गरिबांच्या हाती अखेर काय उरते, हा खरा प्रश्न आहे. तो एकट्या पाद्र्यांचा नाही. गरिबांमध्ये काम करू पाहणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याचा तो प्रश्न आहे. ग्वाटेमालात या प्रश्नाची परीक्षा रक्ताने झाली, म्हणून त्या देशाचा इतिहास येथे विचारात घ्यायचा आहे.

आरंभीच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. १९६० नंतर जे अमेरिकन मिशनरी मोठ्या संख्येने लॅटिन अमेरिकेत गेले, ते निव्वळ करुणेपोटी गेले नाहीत. १९५९ साली क्यूबात क्रांती झाली आणि रोमपासून वॉशिंग्टनपर्यंत सर्वांनाच लॅटिन अमेरिकेची काळजी वाटू लागली. ऑगस्ट १९६१ मध्ये पोपच्या वतीने अमेरिकेतील धर्मसंघांना आवाहन करण्यात आले की, आपल्या मनुष्यबळाचा दहावा हिस्सा त्यांनी दहा वर्षांत लॅटिन अमेरिकेला द्यावा. या मोहिमेवर सर्वांत कडवी टीका केली ती नास्तिकांनी नव्हे, तर मेक्सिकोत राहणाऱ्या इव्हान इलिच या कॅथलिक पाद्र्यानेच. परदेशी पैसा आणि परदेशी माणसे यांवर पोसलेले चर्च परावलंबी बनेल आणि नकळत परक्या सत्तेचे प्रचारक होईल, असे त्याने १९६७ साली लिहिले. पुढच्याच वर्षी अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांना त्याने तोंडावर सांगितले की, तुम्ही पाहुणे म्हणून या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. इलिचची ही चिकित्सा आजही वाचण्याजोगी आहे. तथापि एक शक्यता तिच्यातून निसटली. ज्या हेतूने माणूस पाठविला जातो, त्याच हेतूचा तो अखेरपर्यंत राहतो असे नाही. पुरेसा काळ राहिला, तर ज्यांना बदलायला तो गेला त्यांच्याकडून तोच बदलला जातो.

हे कसे घडते हे समजण्यासाठी ग्वाटेमालाची अर्थव्यवस्था थोडी पाहिली पाहिजे. १९५२ साली हाकोबो आर्बेंस यांच्या सरकारने जमीन सुधारणेचा कायदा केला आणि मोठ्या मळ्यांतील पडीक जमीन भूमिहीनांना वाटण्यास प्रारंभ केला. युनायटेड फ्रूट कंपनीची जमीनही त्यात गेली. १९५४ साली अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने आखलेल्या उठावात ते सरकार उलथले आणि वाटलेली जमीन बहुतांशी परत घेण्यात आली. १९७९ च्या कृषिगणनेत अडीच टक्क्यांच्या आसपास मोठ्या जमीनधारणांकडे देशातील सुमारे पासष्ट टक्के शेतजमीन होती. डोंगराळ भागातील माया कुटुंबाच्या वाट्याला मक्याचा इतका लहान तुकडा येई की त्यावर वर्ष निघत नसे. मग कंत्राटदाराकडून आगाऊ पैसे घ्यायचे आणि कॉफीच्या व कापसाच्या हंगामात पॅसिफिक किनाऱ्यावरील मळ्यांत ते फेडायचे. ऊसतोड मजुराची उचल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रीत निराळी समजावून सांगावी लागणार नाही. डोंगरातील लहान शेत ही मळ्याची मजूर-कोठी होती. मजूर उपाशी मरणार नाही, पण हंगामात खाली आल्याशिवाय त्याचे भागणारही नाही, एवढीच जमीन त्याच्याकडे असणे मळेवाल्याच्या सोयीचे होते.

अशा प्रदेशात, आतित्लान सरोवराच्या काठी, सांतियागो आतित्लान हे त्सुतुहिल माया लोकांचे गाव आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमाच्या कॅथलिक धर्मप्रांताने तेथे १९६४ साली मिशन सुरू केले. १९६८ साली स्टॅन्ली रॉदर हा शेतकरी घराण्यातील तेहतीस वर्षांचा पाद्री त्यात दाखल झाला. लॅटिन जमत नाही म्हणून पहिल्या धर्मविद्यालयाने त्याला परत पाठविले होते. तोच मनुष्य प्रथम स्पॅनिश आणि मग त्सुतुहिल शिकला, आणि त्या भाषेत उपासना चालवू लागला. मिशनमधील त्याचे ज्येष्ठ सहकारी स्थानिक माणसांच्या साहाय्याने ही भाषा लिपिबद्ध करून नव्या कराराचा अनुवाद करीत होते. रॉदर ट्रॅक्टर चालवी, लोकांबरोबर शेतात राबे, त्यांच्या घरी जेवी. गावाने त्याला आपल्या भाषेतले नाव दिले.

येथवरची कथा कोणत्याही भल्या मिशनऱ्याची आहे. महत्त्वाचे ते पुढे आहे. मिशनच्या आश्रयाने दवाखाना उभा राहिला, पतसंस्था निघाली, शेतकऱ्यांच्या आणि विणकरांच्या सहकारी संस्था निघाल्या, आणि ‘आतित्लानचा आवाज’ नावाचे रेडिओ केंद्र चालू झाले. त्यावरून त्सुतुहिल भाषेत साक्षरतेचे वर्ग चालत. भूकंपाने मोडलेल्या चर्चमधील जुनी कोरीव वेदी गावातल्याच माया कारागिरांनी पुन्हा घडविली आणि तिच्यात आपल्या परंपरेची चिन्हेही कोरली. पूर्वीच्या पिढीतील पाद्र्यांनी याच गावात लोकांच्या जुन्या देवदेवकाशी उघड वैर धरले होते, हे लक्षात घेता हा बदल लहान नव्हे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या यादीत दोन प्रकारची कामे आहेत. दवाखाना हे सेवेचे काम. पतसंस्था आणि रेडिओ यांची जात निराळी. पतसंस्थेचे कर्ज मिळाले की कंत्राटदाराच्या उचलीची गरज घटते, आणि उचल नाकारू शकणारा मजूर मजुरीविषयी बोलू शकतो. जो मनुष्य स्वतःच्या भाषेत लिहू-वाचू लागतो, त्याला करारनामा वाचण्यासाठी कंत्राटदाराच्या कारकुनाकडे जावे लागत नाही. सहकारी संस्थेची सभा चालविणारा, हिशेब तपासणारा, ठराव मांडणारा शेतकरी मळ्याच्या दारात निराळ्या पावलाने उभा राहतो. रॉदर काही क्रांतिकारक नव्हता. मार्क्सवादी तर नव्हताच. डोंगरात वावरणाऱ्या गनिमी दलापासून त्याने मिशन कटाक्षाने दूर ठेवले होते. तरीही मिशनभोवती जे उभे राहिले, त्यात मळेवाल्यांना आणि सैन्याला धोका दिसला. त्यांचा हा हिशेब, त्यांच्या दृष्टीने, चुकीचा नव्हता.

ऑक्टोबर १९८० मध्ये सैन्याने गावाबाहेर तळ दिला. रेडिओ केंद्राची मोडतोड झाली आणि त्याचा संचालक गास्पार कुलान याला घरातून पळवून नेले. जानेवारी १९८१ मध्ये दिएगो किक या धर्मशिक्षकाला चर्चच्या दारातून ओढून नेण्यात आले. रॉदरचेही नाव मृत्यूच्या यादीत असल्याचे कळले, तेव्हा तो ओक्लाहोमाला परतला. पण ईस्टरच्या सुमारास, एप्रिलमध्ये, पुन्हा गावात आला. २८ जुलै १९८१ च्या रात्री तीन हल्लेखोरांनी त्याच्या निवासात त्याला गोळ्या घातल्या. त्याचे शव मायदेशी गेले. हृदय मात्र गावकऱ्यांनी मागून घेतले आणि ते आजही तेथील चर्चमध्ये आहे. २०१७ साली रोमने त्याला धन्य घोषित केले.

या हौतात्म्याला वंदन करतानाही एक विषमता विसरता कामा नये. रॉदरजवळ अमेरिकन पारपत्र होते आणि परत जाण्यास घर होते. तो गेला आणि स्वेच्छेने परत आला, यात त्याचे मोठेपण आहे. कुलान किंवा किक यांच्यापुढे असा पर्यायच नव्हता. बाहेरून आलेला कार्यकर्ता कितीही एकरूप झाला तरी ही रेषा पुसली जात नाही. त्याच्या सहवासाने गावकऱ्यावर जी जोखीम येते, ती त्याच्या स्वतःच्या जोखमीहून नेहमीच मोठी असते. म्हणूनच संस्थेचे निर्णय गावकऱ्याच्या हाती असणे हा औदार्याचा प्रश्न नाही. ज्याचा जीव पणाला लागतो त्याचा तो अधिकार आहे. किचे प्रांतातील तीन स्पॅनिश पाद्र्यांबरोबर सात सामान्य गृहस्थांनाही एप्रिल २०२१ मध्ये धन्य घोषित करण्यात आले, तेव्हा चर्चनेही उशिरा का होईना हे कबूल केले असे म्हणता येईल.

आता दुसऱ्या जातीचे नाते पाहू. ४ फेब्रुवारी १९७६ च्या भूकंपात ग्वाटेमालात सुमारे तेवीस हजार माणसे मेली. मदतीसाठी आलेल्या अनेक प्रॉटेस्टंट पंथांमध्ये कॅलिफोर्नियातील एक लहानसा पंथ होता. त्यातून व्हर्बो चर्च उभे राहिले. पुढे निवृत्त सेनापती एफ्राईन रिओस मॉन्त त्याचे सभासद झाले आणि मार्च १९८२ मध्ये लष्करी उठावातून सत्तेवर आले. त्यांच्या कारकिर्दीतील मोहिमेचे नाव होते ‘घेवडा आणि बंदुका’. जो सैन्याला शरण येईल त्याला अन्न, जो येणार नाही त्याला गोळी. सैन्याने जाळलेल्या इशिल माया प्रदेशात व्हर्बोच्या सभासदांनी चालविलेली संस्था अन्नवस्त्र वाटत होती. वाटणारे सर्वच दुष्ट होते असे मुळीच नाही. प्रॉटेस्टंट पंथाने अनेक माया कुटुंबांची दारू सोडविली, सणसमारंभांचा खर्च वाचविला, आणि त्या भीषण वर्षांत जीव वाचविण्यास आडोसाही दिला. पण ज्या भाकरीची किंमत संघटना सोडणे ही असते, ती भाकरी कितीही प्रेमाने वाढली तरी राज्यसत्तेचीच असते. १९९९ साली सत्यशोधन आयोगाने नोंदविले की, या दीर्घ यादवीत दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली अथवा नाहीशी झाली, ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते, आणि ९३ टक्के अत्याचारांची जबाबदारी सैन्य व त्याच्या साथीदारांवर होती. मे २०१३ मध्ये रिओस मॉन्त यांना वंशसंहारासाठी शिक्षा झाली. दहा दिवसांत घटना न्यायालयाने तो निकाल रद्द केला, आणि २०१८ साली ते नव्याने दोषी ठरण्यापूर्वीच वारले.

आज मध्य अमेरिकेत मिशनचे तिसरेच रूप बोकाळले आहे. अमेरिकेतील चर्चचे तरुण गट आठ-दहा दिवसांसाठी येतात, एखादी भिंत रंगवितात, मुलांबरोबर छायाचित्रे काढतात आणि ‘नाते जोडले’ असे सांगत परततात. होंडुरासमध्ये १९९८ च्या मिच वादळानंतर बांधलेल्या घरांचा कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञाने अभ्यास केला. पाहुण्यांनी बांधलेले घर आणि स्थानिक संस्थेने बांधलेले घर यांत राहणाऱ्या कुटुंबांच्या जीवनात त्याला लक्षणीय फरक आढळला नाही. पाहुण्यांच्या प्रवासावर मात्र घराच्या किमतीच्या कित्येक पट पैसा गेला होता. त्याच पैशात स्थानिक गवंड्याला काम मिळाले असते. भाषा न शिकता, हंगाम न पाहता, कर्जाचा हिशेब न समजता जोडलेले नाते म्हणजे दात्याने स्वतःच्या समाधानासाठी केलेली खरेदी होय.

मग सांतियागो आतित्लानमध्ये उरले काय? रॉदरच्या हत्येनंतर नऊ वर्षे सैन्याचा तळ गावाच्या छातीवर होता. १ डिसेंबर १९९० च्या रात्री दारू प्यालेल्या सैनिकांनी आगळीक केली. चर्चच्या घंटा वाजल्या, हजारो माणसे जमली आणि पहाटे पांढरी निशाणे घेऊन निःशस्त्र तळावर गेली. सैन्याच्या गोळीबारात तेरा जण पडले, त्यांत लहान मुलेही होती. गाव पांगले नाही. हजारो सह्या आणि अंगठे घेतलेला अर्ज तयार झाला, आणि त्याच महिन्यात सैन्याला तळ उठवावा लागला. त्यानंतर गावाची राखण गावानेच केली. तशीच गोष्ट उत्तरेकडील इश्कान जंगलाची. मेरीनोल पाद्र्यांच्या साहाय्याने तेथे भूमिहीनांनी सहकारी वसाहती वसविल्या होत्या. १९८२ साली सैन्याने त्या बेचिराख केल्या आणि लोक मेक्सिकोत पळाले. परंतु निर्वासित छावण्यांतही त्यांनी आपले प्रतिनिधी निवडले, १९९२ साली सरकारशी लेखी करार केला आणि १९९३ पासून ते समूहाने परतले. या दोन्ही प्रसंगी पुढे कोणी परदेशी पाद्री नव्हता. सभा कशी घ्यावी, मागणी कशी लिहावी, एकमेकांवर विश्वास कसा टाकावा, हे शिक्षण मात्र लोकांच्या अंगी मुरलेले होते. ते सर्वस्वी मिशनचे देणे होते असे म्हणणे मायांच्या स्वतःच्या ग्रामपरंपरेवर अन्याय करणारे ठरेल. पण त्या परंपरेला मिशनने जागा दिली, एवढे श्रेय निश्चित द्यावे लागेल.

आपल्या कार्यकर्त्यांनी यातून पाद्र्यांचे अनुकरण करावे असे सुचवायचे नाही. त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी. परंतु वस्तीत काम करताना आपण तिची बोली शिकलो की तिला आपली परिभाषा शिकविली. संस्थेची वही कोणाच्या घरी राहते. आणि उद्या आपली बदली झाली वा आपण तुरुंगात गेलो, तर परवाची सभा भरेल की नाही, हे प्रश्न ओक्लाहोमाच्या त्या शेतकरी पाद्र्याइतकेच आपल्यालाही लागू आहेत. अन्न वाटणाऱ्याला सत्ता सहसा हात लावीत नाही. हिशेबाची वही लोकांच्या हाती देणाऱ्याला ती सोडीत नाही. आपल्या कामावर सत्ताधाऱ्यांचा अजिबात रोष होत नसेल, तर ते काम नेमके कोणाच्या सोयीचे आहे, याचा विचार आपण पुढल्या बैठकीत जरूर करावा.